बिनबिलाच्या गोळ्या : डोंबिवलीच्या केमिस्ट वाचकांना उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. डोंबिवलीत 22 वर्षं तुम्ही मेडिकल चालवताय. बनावट औषधांवरचा माझा लेख वाचून तुमच्याकडच्या एका आजींनी ब्लडप्रेशरची गोळी बंद केली, मी सगळ्या केमिस्टना चोर ठरवलं, आणि असले प्रकार ‘तिकडे उत्तरेत होतात, आपल्याकडे नाही’, असं तुम्ही लिहिलंत.

आजींचं वाचून जीव हलला. त्यांना कृपया सांगा, गोळी बंद करू नका; शंका असेल तर पाकीट आणि बिल घेऊन डॉक्टरांकडे जा. हे वाक्य माझ्या लेखात असायलाच हवं होतं. आज सकाळी ते अगदी वर टाकलंय.

पण ‘आपल्याकडे नाही’ हे मान्य करता येणार नाही. 1986 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल हे औषध दिलेले 14 रुग्ण दगावले, कारण त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष होतं. त्याची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने पुरवठादारापासून एफडीए (अन्न व औषध प्रशासन) आणि मंत्र्यापर्यंत सगळ्यांवर ठपका ठेवला. आणि 2023 मध्ये नागपूरजवळ कळमेश्वरच्या सरकारी रुग्णालयातून सिप्रोफ्लॉक्सॅसिन या अँटिबायोटिकच्या गोळ्यांचा नमुना घेतला, तर त्यात औषधच नव्हतं. टेंडर निघालं होतं, कागद रंगले होते, आणि अहवाल यायला कित्येक महिने गेले. तपासाचे धागे पुढे आपल्या ठाणे जिल्ह्यापर्यंत आले. त्या काळात कुणाच्या तरी लेकराला तापात त्या गोळ्या दिल्या गेल्या असतील, हा विचार मला झोपू देत नाही.

केमिस्टबद्दल म्हणाल तर माझा राग बिनबिलाच्या मालावर आहे. कुणीतरी दुकानात येतो, स्टॉकिस्टपेक्षा (म्हणजे दुकानांना माल पुरवणाऱ्या घाऊक विक्रेत्यापेक्षा) स्वस्त भाव सांगतो, ‘बिल नंतर पाठवतो’ म्हणतो. तुम्ही अशांना दारातून परत पाठवता, असं तुम्हीच लिहिलंय. सगळे पाठवत नाहीत. कळव्यात बाबांसाठी घेतलेल्या स्ट्रिपवरचा बॅच नंबर बिलावरच्या नंबराशी जुळेना. दुकानदार भला माणूस, पण माल कुणाकडून आला याचा कागद त्याच्याकडे नव्हता. गोळी खरी असेलही. बाबांनी ती कशाच्या भरवशावर घ्यायची?



औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम 26 प्रमाणे कुणीही सामान्य माणूस शुल्क भरून आपलं औषध सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. पण बिल नसेल, तर ते औषध कुणाकडून आलं हे शोधायचं कुठून?

म्हणून एक विनंती. नवा स्टॉकिस्ट धरताना तुम्ही त्याचं लायसन्स कसं पडताळता, आलेल्या मालाचे बॅच कसे जुळवता, ते मला दाखवाल का? येत्या शनिवारी दुपारी, गिऱ्हाईक कमी असेल तेव्हा येते. पुढचा लेख त्यावरच लिहायचा आहे.