आप्पा आणि टोपी

परवाचा प्रकार अजून घशात अडकलेला आहे, म्हणून पाल्हाळ नको. अमळनेर, मे महिना, रात्रीचे दहा. गच्चीवर मी, मेहुण्याने बाहेरून आणलेली क्यूबाची सिगार, पार्टागास सेरी डी नंबर ४, शेरी वाईनच्या पिंपात मुरलेली सिंगल माल्ट व्हिस्की आणि शेजारचे आप्पा. यातल्या एकाला मी बोलावलं नव्हतं.

खानदेशात सिगार सांभाळणं हेच मुळात आडमुठं काम. तिला हवा लागते ६५ ते ७० टक्के दमट आणि गारवा १८ ते २१ अंशांचा. आमच्याकडे पारा ४४ला टेकलेला आणि हवा अशी कोरडी की पापड सावलीतसुद्धा वाळावेत. सिगार कोरडी पडली की वरचं पान तडकतं, भराभर जळते आणि धूर तिखट लागतो. उष्णता पंचविशीच्या वर राहिली की पानातली किड्यांची अंडी उबतात आणि एके सकाळी सिगारला टाचणीने टोचल्यासारखी भोकं दिसतात. फ्रिज तिला वाळवतो, वर भाजीचा वास लावतो. तेव्हा घट्ट झाकणाचा डबा, आत ६५ टक्क्यांची दमटपणा धरणारी पुडी आणि घरातला सगळ्यांत गार कोपरा. आप्पांचा सल्ला होता, माठाखालच्या ओल्या वाळूत पुरून ठेव. ठेवली असती, तर चार दिवसांत बुरशी.

असो. मी टोपी कापत होतो. सिगारच्या ओढायच्या टोकाला पानाची गोल टोपी चिकटवलेली असते. तिचा फार तर दोन मिलिमीटर शेंडा उडवायचा. टोपीच्या कडेखाली पातं गेलं की पान सुटतं आणि केळीच्या सोपटासारखं उलगडत जातं. मग दुसरं टोक भाजायचं. गॅसचाच लायटर हवा, पेट्रोलचा वास शेवटपर्यंत पाठ सोडत नाही. ज्योत खाली, सिगार वर, मध्ये बोटभर अंतर, आणि सावकाश फिरवत राहायचं. कड सगळीकडून सारखी पेटली नाही तर एक बाजू पुढे पळते, दुसरी मागे राहते.

"काय रे भो, वांगं भाजी ऱ्हायना का?"

राग याचा आला की आप्पांचं बरोबर होतं. भरताचं वांगं पऱ्हाट्यांवर आम्ही असंच फिरवतो. फक्त तिथे कोणी हसत नाही.

"कितलाले पडनी?"

मी खरी किंमत निम्मी करून सांगितली.

"इतलामा तं सालभरनी बिडी ई जाई!"

मग हात पुढे आला. नाही म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही. मी समजावलं, आप्पा, धूर छातीत घ्यायचा नाही, तोंडात घोळवून सोडायचा. हा धूर अल्कधर्मी असतो, निकोटीन तोंडातूनच भिनतं. मिनिटाला एकच झुरका. घाई केली की तापते आणि कडू होते. आप्पांनी चार झुरके सलग, पार बेंबीपर्यंत ओढले. आता ठसका लागेल म्हणून मी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

"फिक्की शे भो."

आणि टिचकी. ती दोन बोटं लांब, करडी, घट्ट राख मी जपली होती! राख राहू द्यायची असते, त्याने विस्तव शांत राहतो. बिडीला टिचकी मारतात, हिला नाही. मग माझ्या पेल्याकडे नजर गेली. शेरीच्या पिंपातली व्हिस्की अशा दणकट सिगारला पेलते. बर्फ नको, चमचाभर पाण्याने वास मोकळा होतो. आप्पांनी तिच्यात सोडा ओतला आणि घरून शेवभाजीची वाटी आणली. काळ्या मसाल्याने जीभ पेटल्यावर माल्ट काय आणि मोसंबीचा रस काय.

१९६२ साली क्यूबाच्या मालावर बंदी घालण्याआधी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी आपला प्रेस सचिव पिअर सॅलिंजर याला हजारभर क्यूबन सिगार गोळा करायला पिटाळलं. त्याने हजर केल्या बाराशे. हे सॅलिंजरनेच पुढे सांगितलं आहे. बाराशे! आणि मला एक धड पुरत नाही. बाजारातून घ्यावी म्हटलं तर काचेच्या झाकणाच्या पेटीत 'कोहिबा', म्हणजे क्यूबाची नावाजलेली सिगार, दाखवतात. काचेचं झाकण दिसलं की तो माल नकली, हे दुकानदारालाही ठाऊक असतं, आणि तरी भाव तोच सांगतो, वर आपल्यालाच अडाणी ठरवतो.

सिगार विझवायची नसते. ठेवून दिली की आपोआप विझते. चिरडली की घाण वास सुटतो. मी हे सांगत असतानाच आप्पांनी ती कठड्यावर घासून विझवली. निम्मी शिल्लक होती.

"ऱ्हाऊ दे, सकायले वढसू."

सवयीने कानामागे लावायला गेले. सिगारची जाडी इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजतात. ही ५० नंबरची, म्हणजे जवळजवळ २० मिलिमीटर. कानामागे ठरेना. दोनदा पडली. शेवटी त्यांनी गांधी टोपी काढली, घडीत ती आडवी सरकवली, टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली आणि वाटी घेऊन जिना उतरले. सिगारवरची लाल पट्टी तेवढी टोपीबाहेर दिसत होती.