अ‍ॅल्युमिनियमच्या टाकीचं ‘आयुष्यभर’

बोट घेणाऱ्याला एक सल्ला हमखास मिळतो, आता तो फॉरवर्ड होऊनही फिरतो: "प्लास्टिकची इंधनटाकी आगीत वितळते, फुगते, वास मारते. अ‍ॅल्युमिनियमची घ्या, आयुष्यभर बघायला नको." यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात महागात पडतं, म्हणून सुरुवात तिथूनच.

अ‍ॅल्युमिनियम लोखंडासारखं लाल गंजत नाही, एवढंच खरं. त्याला वाचवतो तो ऑक्साइडचा पातळ थर, आणि तो टिकायला हवा लागते. टाकी डेकखाली फोममध्ये गाडली आणि फोम ओला झाला, की खारं पाणी पत्र्याला चिकटून बसतं, हवा पोचत नाही. मग बारीक खड्डे पडत पडत एक दिवस आरपार भोक. छोट्या बोटीत पत्रा असतो जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा. त्यात पितळेचं फिटिंग थेट जोडलेलं असेल तर काम आणखी लवकर उरकतं. धातूची टाकी निव्वळ फोमच्या आधारावर ठेवायला अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या नियमांत मनाई आहे, ती उगाच नाही.

आतूनही सुटका नाही. आपल्याकडे पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. इथेनॉल ओलावा ओढतं. पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात, आणि तिथला अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा आतून खातात. पॉलिएथिलीनला, म्हणजे ज्या प्लास्टिकच्या या टाक्या असतात त्याला, या पाण्याचं काही सोयरसुतक नाही.

आगीचं म्हणाल तर प्लास्टिक वितळतं, नाकारत नाही. पण त्याच अमेरिकी नियमांतल्या अग्निचाचणीत टाकीला अडीच मिनिटं ज्वाळेत तग धरावा लागतो. तेवढ्यात माणसं बोटीबाहेर पडावीत हा हेतू. आतलं इंधन भिंतीची उष्णता शोषतं, त्यामुळे इंधनाच्या पातळीखालचा भाग लगेच मऊ पडत नाही. आणि मुळात आग लागते कशाने? पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती बोटीच्या तळात साचते आणि ठिणगीची वाट बघते. तिथे डेकखालची झिरपणारी अ‍ॅल्युमिनियमची टाकी जास्त भीतीदायक.

फुगण्याचं खरं आहे. इंधन मुरलं की टाकी प्रत्येक बाजूने साधारण दोन टक्के वाढते. तेवढी जागा सोडायची, पट्टे करकचून आवळायचे नाहीत. वासाबद्दल: अमेरिकेत प्लास्टिकमधून झिरपणाऱ्या वाफेवर दिवसाला प्रति चौरस मीटर दीड ग्रॅमची मर्यादा आहे. जुन्या टाक्या वास मारायच्या, हे मान्य.

गंमत म्हणजे प्लास्टिकविरुद्धचे खरे मुद्दे त्या संदेशात नाहीतच. क्रॉसलिंक्ड (रेणू एकमेकांना कायमचे जोडलेलं) पॉलिएथिलीन वेल्ड होत नाही; तडा गेला की टाकी भंगारात. अडनिड्या जागेत बसेल असा आकार धातूतच बनवून मिळतो. आणि प्लास्टिकमधून स्थिर वीज निघून जात नाही, ठिणगी पडू शकते, म्हणून आउटबोर्डची (बोटीच्या मागे बाहेरून लावायच्या इंजिनाची) सुटी टाकी बोटीत ठेवून भरायची नसते, खाली जमिनीवर उतरवून भरायची. तारकर्ली असो की मांडवी, धक्क्यावर उलटंच चाललेलं दिसलं तर सरळ टोका.