स्थानिक गिऱ्हाईक हवंय? आधी त्याचं आधार कार्ड तपासा

तुमचं रिसॉर्ट चिपळूण स्टेशनापासून दीड तास, त्यातला शेवटचा पाऊण तास खड्ड्यांचा. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं आणि बरीच वर्षं 'अंतिम टप्प्यात' आहे. त्यामुळे तुमचे टाइमशेअरवाले (म्हणजे आगाऊ पैसे भरून दरवर्षी काही रात्रींचा हक्क घेतलेले) सभासद वर्षातून एकदा येतात आणि पहिला दिवस कंबर शेकण्यात घालवतात. दिवाळी, नाताळ आणि मे महिना सोडला तर खोल्या रिकाम्या. तेव्हा 'आता लोकलवर फोकस' हे मुख्य कचेरीचं फर्मान अगदी रास्त आहे. ते असं अमलात आणा.

सुरुवात गेटपासून. रिसेप्शनवर 'लोकल आयडी चालणार नाही' ही पाटी आहेच, ती काढू नका; जाहिरातीत मात्र 'खास रत्नागिरी जिल्ह्यासाठी सवलत' असं छापा. म्हणजे सवलत ज्या पत्त्यावर मिळते, त्याच पत्त्यावर खोली नाकारता येते. गेटवर वाडीतलाच पोरगा ठेवा, अपमान घरगुती वाटतो. सख्खा मामा आला तरी त्याने 'कोणाकडे आलात?' असं विचारून वहीत नाव, गाडी नंबर आणि वेळ लिहून घेतलीच पाहिजे. समुद्राकडे उतरणारी जुनी पाखाडी (दगडी पायवाट) कुंपणात घेतली असेल तर उत्तम. भरतीरेषेपलीकडची वाळू तुमच्या मालकीची नाही हे सगळ्या गावाला ठाऊक आहे, म्हणून 'प्रायव्हेट बीच' हा फलक इंग्रजीतच लावा.

मग विक्री. तालुक्याच्या गावात हॉल घ्या, नवरा-बायको दोघांनी हजर राहायची अट घाला, नव्वद मिनिटं बसवा. पंचवीस वर्षांचं सभासदत्व, वर्षाला सात रात्री. कॅलेंडरात पावसाळ्याचे आठवडे निळ्या रंगाचे, सुट्ट्यांचे जांभळे. स्थानिकाला निळेच दाखवा. हिशोब कागदावर करू देऊ नका. समजा वार्षिक देखभाल १८,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ३,२४०, म्हणजे २१,२४० भागिले सात: आधी भरलेले काही लाख विसरले तरी रात्रीला तीन हजारांच्या वर. कॅलेंडर भरलं असेल तर खोली मिळत नाही, देखभाल मात्र भरावीच लागते. हे ऐकणाऱ्याच्या मागच्या दारी समुद्र आहे, हा मुद्दा टाळा. आणि शेवटी 'ऑफर आजच्यापुरतीच, सही आत्ताच' म्हणा. ज्याच्या सातबाऱ्यावर चौदा नावं आहेत आणि पडवीची कौलं बदलायलाही मुंबईच्या काकांना फोन लावावा लागतो, त्याला ही घाई फार आवडते.

खरं गिऱ्हाईक कोण, हे कळलं तर धंदा व्हायची भीती आहे, म्हणून सावध करतो. दहावीच्या १९९४ च्या बॅचचे पंचेचाळीस जण, पतपेढीचा स्टाफ, डोहाळजेवण, साठीशांत. ही माणसं रात्री राहत नाहीत. त्यांना सकाळी नऊला चहा-पोहे, सावलीतला मांडव, एक माईक, दीड वाजता पंगत, चारला चहा आणि उजेडात घर हवं असतं. तेही बहुतेक सोमवार ते शुक्रवार चालतं, म्हणजे तुमच्या रिकाम्या दिवसांत. तेव्हा दिवसाचा दर ठेवूच नका. विचारलं तर सांगा, चेक-इन दुपारी दोनला, चेक-आउट सकाळी दहाला. फारच गळ घातली तर सूर्यास्तासोबत हाय-टी द्या. शेवटची एसटी साडेपाचला सुटते, वस्तीची गाडी सकाळी सहाला. पंचेचाळीस जण आपोआप खोल्या घेतील. किंवा टमटम करून जातील आणि पुन्हा कधी येणार नाहीत. आगाऊ रक्कम फक्त ऑनलाइन घ्या. रेंज मारुतीच्या देवळाच्या पायरीवर येते, तिथवर जाऊन यावं.

जेवणात कसर नको. मेनूवर 'अस्सल कोकणी थाळी' लिहा आणि आचारी असा आणा ज्याने आगळ (कोकमाचा खारवलेला रस) पाहिलेलं नाही. सोलकढीला तो कोकम सिरप वापरेल. साखरेमुळे ती गोड लागते, पण गुलाबी छान दिसते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते, त्या काळात 'आजचा ताजा सुरमई फ्राय' ही पाटी न चुकता लावा. गावात तेव्हा सोडे, सुकट, कुळथाचं पिठलं शिजत असतं; तो वास लॉबीत शिरता कामा नये. बचत गटाच्या बायका मोदक द्यायला तयार असतील, तर त्यांच्याकडे जीएसटी नंबर मागा (उलाढाल त्या मर्यादेच्या जवळपासही फिरकत नाही, हे बघूनच मागायचा) आणि पैसे नव्वद दिवसांनी द्या. नंतर 'स्थानिकांचा प्रतिसाद नाही' असं अहवालात लिहायला बरं पडतं.

तलावात नायलॉनचा पोशाख सक्तीचा आहेच. नऊवारीतल्या आजीने काठावर पाय सोडून बसू नये म्हणून शिटीवाला नेमा.

पावसाळ्यात खोल्या बंद ठेवा, पंखेसुद्धा लावू नका. फोमच्या गाद्या दमट हवा शोषतात, आठ-दहा दिवसांत कडेने काळी बुरशी धरते, लाकडी कपाटाची दारं फुगतात. गणपतीत चाकरमान्यांनी घर भरल्यावर एखादा पाहुण्यांसाठी दोन खोल्या विचारायला येईल. त्याला नेमकी तीच खोली द्या, वर लिंबाचा स्प्रे मारा. एसीचं बाहेरचं युनिट समुद्राकडे तोंड करून बसवलं असेल तर खारट वाऱ्याने त्याच्या ॲल्युमिनियमच्या पात्या कधीच खाल्ल्या असतील. त्याला 'नैसर्गिक वायुवीजन' म्हणा.

जाताना अभिप्रायाचा फॉर्म भरून घ्या. 'आमच्याबद्दल कुठून कळलं?' या प्रश्नाला वेबसाइट, मॉल, मित्र, एक्सचेंज (दुसऱ्या रिसॉर्टशी रात्रींची अदलाबदल) आणि इतर असे पर्याय पुरेत. भिंतीपलीकडे राहणाऱ्याने 'इतर'वर खूण करावी आणि पिनकोड लिहावा.