लाल पेन आणि अकरा हंडे

नववी ब च्या ४६ वह्या. मागच्या जूनमध्ये इंग्लिशच्या तासाला जर्नल, म्हणजे आपल्या दिवसांबद्दल स्वतःच्या शब्दांत लिहायची वही, लिहून घ्यायला सुरुवात केली आणि पहिल्याच आठवड्यात जवळपास सगळ्यांचं पहिलं वाक्य एकच, "आय गॉट अप ॲट सिक्स ओक्लॉक". आमची शाळा दुपारची, साडेबाराची. यातली निम्मी पोरं नऊच्या आधी डोळे उघडत नाहीत हे त्यांच्या आयांनीच पालकसभेत सांगितलेलं. पण गाइडमधल्या निबंधातला मुलगा सहाला उठतो ना, मग विषय संपला. गंमत म्हणजे भांडुपच्या टेकडीवर राहणारी एक मुलगी, जी पाण्यासाठी खरंच पहाटे चारला उठते, तिनेही सिक्सच लिहिलेलं.

तिचीच गोष्ट सांगते, कारण त्यात माझी चूक आहे.

दुसऱ्या आठवड्यात मी विषय देणं बंद केलं आणि फळ्यावर प्रश्न लिहिला, या आठवड्यात असं काय झालं जे पुन्हा करायची वेळ आली तर तू वेगळं करशील? तासाची शेवटची १२ मिनिटं, वर्गातच लिहायचं, शब्द अडला तर मराठीत लिहा पण थांबू नका. "मॅडम, किती ओळी?" हे अर्थात आलंच. तर या मुलीने लिहिलं, "वॉटर कम लेट. आय फिल इलेव्हन हंडा. आय फाइट विथ काकी फॉर नंबर. आफ्टर आय थिंक, शी इज ऑल्सो लेट फॉर जॉब." चार वाक्यं. शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. भांडण झालं, मग समोरच्या बाईचीही घाई दिसली, रिफ्लेक्टिव्ह रायटिंग, म्हणजे घडलेल्या गोष्टीवर मागे वळून विचार करत लिहिणं, याहून वेगळं काय असतं? आणि मी काय केलं, ट्रेनमध्ये चौथ्या सीटवर बसून लाल पेनने कम चं केम केलं, फिल चं फिल्ड केलं, हंडा खोडून वर पॉट्स लिहिलं, खाली शेरा, "चेक युअर टेन्सेस". पुढच्या वेळी तिच्या वहीत होतं, "टुडे इज मंडे. आय ॲम फाइन." व्याकरणाची एकही चूक नाही!

मला दोन दिवस झोप लागली नाही वगैरे काही म्हणणार नाही, पण लाजले.

मग थोडं वाचलं. १९८०च्या आसपास लॉस एंजेलिसमध्ये लेस्ली रीड म्हणून सहावीच्या शिक्षिका होत्या, त्या वर्गातल्या प्रत्येक मुलाशी रोज वहीतून बोलायच्या, मूल लिहिणार, त्या उत्तर लिहिणार. जाना स्टॅटन यांनी त्या वह्यांचा अभ्यास केला आणि या प्रकाराला डायलॉग जर्नल हे नाव रूढ झालं. त्यातली मला पटलेली गोष्ट अशी की चूक खोडायची नाही, आपल्या उत्तरात तीच गोष्ट बरोबर लिहायची. म्हणजे मी लिहायला हवं होतं, "द वॉटर केम लेट? अँड यू फिल्ड इलेव्हन हंडाज! व्हॉट डिड काकी से?" केम आणि फिल्ड तिच्या डोळ्यांसमोरून गेलं, शिवाय कोणीतरी काहीतरी विचारलं. हंडा हंडाच राहू दे, पॉट म्हटलं की मला तर कुंडी दिसते.

स्टाफरूममध्ये यावर भरपूर ऐकून घेतलंय. "चुका सुधारल्या नाहीत तर दहावीला काय दिवे लावणार?" अहो, सुधारायला दुसरी वही आहे की, पत्र, बातमी, व्ह्यू-काउंटरव्ह्यू, सगळं त्यात येतं, तिथे माझं लाल पेन जोरात चालतं. जर्नलमधल्या चुका मी नाव न घेता शुक्रवारी फळ्यावर घेते. "डिडन्ट वेन्ट" एवढ्या वह्यांत सापडलं की त्यावर एक अख्खा तास गेला, आणि कोणाचीच मान खाली गेली नाही.

दुसरी सूचना वरून आली, एवढं करताच आहात तर गुण द्या, ८० लेखी आणि २० अंतर्गत गुणांपैकी त्या २० मध्ये दाखवता येईल. मी हात जोडले. गुण लागले की दुसऱ्या दिवसापासून सगळे पुन्हा सहाला उठतील. पुरावा हवा तर आमच्याकडे इंटर्नशिपला येणारी बीएडची मुलं बघा, त्यांना रिफ्लेक्टिव्ह जर्नल कंपल्सरी असतं आणि शेवटच्या दिवशी आमच्याच स्टाफरूममध्ये बसून, तीन रंगांची पेनं घेऊन, अख्ख्या महिन्याचं चिंतन दीड तासात उरकतात. त्यांना तरी का बोलू, मीही तेच केलं असतं.

आता जरा नाजूक मुद्दा. आमच्या वर्गात नियम आहे, पान दुमडलं असेल तर मॅडम वाचणार नाहीत. मी खरंच वाचत नाही (हात शिवशिवतो, खोटं कशाला बोलू). पण उघड्या पानाचं काय? चौदा-पंधरा वर्षांची पोरं, कधी काय लिहितील सांगता येत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगते, तुमचं लिहिलेलं मी स्टाफरूममध्ये वाचून दाखवणार नाही, घरी सांगणार नाही, पण तुम्हाला कोणी त्रास देतंय असं माझ्या वाचनात आलं तर मी गप्प बसू शकत नाही. त्यातही लैंगिक अत्याचाराचं काही असेल तर ते माझ्या मर्जीवर नाही, मुलांना त्यापासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा २०१२ चा आहे, त्याच्या कलम १९ प्रमाणे कळवणं बंधनकारक आहे. वहीच्या आतल्या कव्हरवर १०९८, मुलांसाठीचा हेल्पलाइन नंबर, लिहून घेते. जर्नल सुरू करायचं आणि हे सांगायचं नाही, ही मला फसवणूक वाटते. आणि हो, आपण समुपदेशक नाही. हळवं होऊन पानभर उपदेश लिहायचा नाही, हे मी स्वतःलाच बजावत असते.

वेळेचं विचाराल तर दिवसाला ८ वह्या, सोमवार ते शनिवार, आठवड्यात वर्ग संपतो. उत्तर दोन-तीन ओळींचं. घरी लिहायला देत नाही, एकदा दिलं तर एका पठ्ठ्याने मोबाइलवरून असलं इंग्लिश आणलं की मलाच डिक्शनरी उघडावी लागली. मी उत्तरात एवढंच विचारलं, "हू मेड टी ॲट युअर होम टुडे?" पुढच्या वेळी आलं, "माय फादर. टी इज व्हेरी बॅड बट मम्मी से नाइस." हे मोबाइलला कुठून सुचणार?

सगळं गोड झालं असं समजू नका. सहा-सात जण वर्षभर दोन ओळींच्या पुढे गेले नाहीत, एकाने सलग तीन महिने फक्त क्रिकेटचे स्कोअर लिहिले, मी तिथेही उत्तरं दिली. हंडेवाली मात्र दिवाळीनंतर परत आली. थेट काकीवरच.

यंदाची नवीन नववी सुरू झालीये. काल १७ नंबरच्या वहीत, माझ्याच प्रश्नाच्या खाली, बारीक अक्षरात विचारलंय, "मॅडम, यू ऑल्सो राइट लाइक धिस?" माझ्याकडे डायरी आहे, बँकेने दिलेली, त्यात किराण्याची यादी आणि गॅसचा नंबर. वही शनिवारी परत द्यायचीये.