भरिताला दहापैकी किती?

सासुरवाडीच्या गावाने भरीत महोत्सव भरवावा, त्यात पाककला स्पर्धा ठेवावी, इथवर माझी काही हरकत नाही. पण त्या स्पर्धेला परीक्षक म्हणून जावयाला बसवावं, ही कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली त्याला मला एकदा निवांत भेटायचंय. मेहुण्याने फोनवर कारण सांगितलं ते असं : "दाजी, तुम्ही साताऱ्याचे. तुम्हाले भरितातलं काही कळत नाही. म्हणून तुमच्या नावाले गावात कोणाचाच विरोध नाही."

पात्रता अगदी खरी होती. आमच्याकडे वांगं म्हणजे कृष्णाकाठचं, काटेरी, मुठीत मावणारं. त्याला देठापर्यंत चिरा द्यायच्या, दाण्याचं कूट भरायचं आणि रस्सा करायचा. जळगाव जिल्ह्यातल्या, म्हणजे सासरच्या यावल-भुसावळ पट्ट्यातलं भरिताचं वांगं लग्नानंतर पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला तो दुधीच वाटला होता. पोपटी-पांढरट रंग, वजन चांगलं अर्ध्या किलोच्या घरात आणि बिया नावापुरत्या. 2016 साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच वर्षी जळगावच्या केळीलाही मिळालं, पण दोघांच्या नशिबात फरक आहे. रावेर-सावद्याची केळी रेल्वेच्या डब्यांतून ऐटीत दिल्लीला जाते. वांगं रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीतून पुण्याला जातं, पोत्यावर मार्करने मुलाचं नाव, मोबाईल नंबर आणि 'वाकडला उतरवणे' असं लिहून.

चातुर्मासात वांगं वर्ज्य असलेली घरं चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवतात आणि मग जी सुटतात ती थंडी संपेपर्यंत थांबत नाहीत. पाहुणा आला म्हणून भरीत, पाहुणा गेला म्हणून भरीत, पाहुणा येतो म्हणून आलाच नाही तर शेतात जाऊन सगळ्यांनी मिळून भरीत. अशा मुलखात भरिताचा वेगळा महोत्सव कशाला, हे मी बायकोला विचारलं. "गणपती घरोघरी असतातच ना? मग सार्वजनिक कशाला बसवतात?" ती म्हणाली. मी बॅग भरली.

शाळेच्या पटांगणात मंडप होता. प्रमुख पाहुणे अर्थातच वाटेत होते आणि दुपार कलली तरी ते वाटेतच होते. तोवर परीक्षकांचा सत्कार उरकून घेतला. शाल-श्रीफळाऐवजी वांग्यांचा हार. कल्पना पेपरात फोटो छापून येण्यासारखी, पण मानेने ती मान्य करायला हवी ना! सात-आठ वांगी म्हणजे तीन-साडेतीन किलोचा ऐवज, त्यात एका देठाचा काटा बरोबर कॉलरच्या आत उतरलेला. हार लगेच काढणं बरं दिसत नाही, म्हणून सरपंचांचं भाषण संपेपर्यंत मी नंदीबैलासारखी मान डोलावत बसलो. 2018 साली शेफ विष्णू मनोहर यांनी जळगावात टनावारी वांग्यांचं भरीत एकाच कढईत केलं होतं, ते उदाहरण देऊन सरपंच म्हणाले, आपल्या गावाने ठरवलं तर काय अशक्य आहे? गावाने टाळ्या वाजवल्या. ठरवलं मात्र कोणीच काही नाही.

खरा महोत्सव मंडपाच्या मागे चालला होता. तिथे आचारी एकटाच शे-दीडशे वांगी घेऊन बसला होता. कपाशीच्या पऱ्हाट्यांचा जाळ, त्यात टोचे मारून तेलाचा हात फिरवलेली वांगी. साल काळी ठिक्कर पडली आणि टोच्यांतून फुस्स वाफ निघाली की बाहेर. मग पाण्यात बोटं बुडवायची, देठ धरायचा आणि एका ओढीत साल उतरवायची. गॅसवर भाजलेल्या वांग्याला हा वास येत नाही, हे माझंही मत आहे, सातारकर असूनसुद्धा. सोललेली वांगी बडजीत, म्हणजे ठेचायच्या लाकडी पात्रात पडायची आणि वर ठेचणं सुरू. "मिक्सर नाही वापरत?" असं मी सहज विचारलं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी काट्यासकट हार सावरत मंडपात परतलो.

स्पर्धेच्या टेबलांवर भरिताची ताटं ओळीने मांडलेली. गुणपत्रिकेत चार रकाने : चव, रंग, मांडणी, नावीन्य. भरितात नावीन्य काय असायचं? होतं. एका ताटात चीज होतं. एकात भरिताचे मोमो होते. बाकी सगळीकडे तेच हिरवट भरीत, तीच कांद्याची पात, तेच शेंगदाणे, तेच खोबऱ्याचे काप, कडेला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी किंवा पुऱ्या, आणि वर टोमॅटोचं गुलाब. गुलाब फक्त वर, हं. टोमॅटो भरिताच्या आत गेला असता तर ते ताट गावाबाहेर गेलं असतं.

स्पर्धा गुप्त होती. ताटाला फक्त नंबराची चिठ्ठी, नाव नाही. आयोजकांना याचा फार अभिमान होता. फक्त एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नव्हती. महाराष्ट्रात स्टीलचं भांडं नावाशिवाय नसतं. पहिलंच ताट उचललं तर काठावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं, मेहुण्याच्या सासूबाईंचं नाव. दुसऱ्यावर माझ्या सख्ख्या चुलतसासूचं. तिसऱ्यावर सासऱ्यांचं, म्हणजे अर्थ उघड होता. मी घास घेताना डोळे मिटू लागलो. लोकांना वाटलं, जावईबुवा चवीत रंगलेत. पुढे पुढे गुंता वाढला, कारण सासऱ्यांच्या नावाची ताटं एकूण पाच निघाली. सासूबाईंनी कधी कोणाकडे पुरणपोळी पाठवली, कधी लाडू पाठवले, ती ताटं कोणी परत केलीच नव्हती. आता यातलं माझ्या घरचं कुठलं?

बाकीच्या दोन परीक्षकांनी आपापला मार्ग काढला होता. मुख्याध्यापिका बाई चव न घेताच प्रत्येकीला दहापैकी सात देत सुटल्या होत्या. "मी असेच पेपर तपासते, पालक भांडायला येत नाहीत," त्यांनी मला हळूच सांगितलं. कृषी सहायकांना चवीत रस नव्हता. ते घास चमच्यावर पसरून त्यात शेंडा व फळ पोखरणारी अळी शोधत होते, आणि न सापडल्याने जरा हिरमुसले होते. मिरची मात्र तिघांनाही सारखीच लागत होती. दहाव्या ताटानंतर मला चव, रंग, मांडणी यातलं काहीच कळेना, फक्त कान कळत होते. समोर बायका रांगेत उभ्या, माझ्या पेनाच्या टोकावर नजर लावून. आठ लिहायला वळण घेतलं की एक चेहरा फुलायचा, सहा झाला की पडायचा. चुलतसासू तर तिथूनच म्हणाल्या, "जवाईबापू, पाणी प्या आणि परत खाऊन पाहा." पाहिलं. नऊ दिले.

टेबलाच्या अगदी शेवटी एक ताट होतं. चिठ्ठी नव्हती, बहुधा तेलाने सुटली असावी. गुलाब नाही, पुऱ्यांचं कमळ नाही. भरीत, भाकरी, कांदा. काठावर नाव होतं ते मंडप-भांडी भाड्याने देणाऱ्या बिछायत केंद्राचं. आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. दिवसभरात पहिल्यांदाच समोर असं ताट आलं होतं की ज्याच्यामागे कोणाची सासू, जाऊ, नणंद किंवा पालक उभा नव्हता. बाईंनी पहिला घास घेतला आणि सातचा आकडा सोडला. कृषी सहायक अळी विसरले. धुराचा वास, लसणीचा झणका, तेल सुटलेलं पण तरंगत नसलेलं. बिनविरोध पहिला नंबर. बक्षीस पैठणी.

माईकवर पुकारलं, "शेवटचं ताट कोणाचं?" कोणी पुढे येईना. बायकांमध्ये कुजबूज सुरू झाली, प्रत्येक जण दुसरीकडे संशयाने बघू लागली. एवढ्यात मंडपामागून आचारी हात पुसत आला. त्याला पैठणीशी कर्तव्य नव्हतं.

"माह्यं ताट कुठी गेलं भो? जरा टेबलावर ठेवलं तं कोणी उचललं? सकाळपासून उपाशी हाये मी!"

क्षणभर कोणाला काही सुचेना. मग चुलतसासूंनी आपलं ताट उचललं आणि त्याच्यापुढे धरलं. "घे, हे खा, आणि खरं सांग कसं झालंय." त्यांच्या मागून दुसरं ताट आलं, मग मोमोवाली आली, मग सासऱ्यांच्या नावाची पाचही ताटं एकदम आली. आचारी मधोमध आणि भोवती सगळ्या बायका. त्याने घाबरून माझ्याकडे पाहिलं.

मी गळ्यातला हार काढून त्याच्या गळ्यात घातला, गुणपत्रिका त्याच्या हातात दिली आणि ताक कुठे मिळतंय ते शोधायला निघालो.