'दोन राऊंड आणि स्ट्रेचिंग पुरे' म्हणणाऱ्या 'जुना खेळाडू' यांना उत्तर

नमस्कार 'जुना खेळाडू',

बास्केटबॉलच्या सामन्याआधीच्या वॉर्मअपवर मी लिहिलेल्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. बाकीच्यांना शोधत बसावं लागू नये म्हणून ती थोडक्यात इथे देतो. तुम्ही लिहिता, "बाळा, हे सगळं गूगलवरचं उसनं ज्ञान आहे. आम्ही दोन राऊंड मारून दहा मिनिटं खाली बसून स्ट्रेचिंग करायचो आणि तेवढ्यावर राज्य खेळलो. स्ट्रेचिंगने स्प्रिंट मंदावतो ही निव्वळ अफवा आहे." पुढे तुमचं म्हणणं असं, की शाळांच्या स्पर्धांमध्ये वॉर्मअपला पाच मिनिटंही मिळत नाहीत, एवढ्या कसरतीने पोरं सामन्याआधीच दमतात, आणि मी कोर्टाची लांबी चुकीची लिहिली आहे.

लांबीचं तुमचं बरोबर आहे. मी ३० मीटर लिहिलं होतं, कोर्ट २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद असतं. दुरुस्ती केली आहे. चूक दाखवल्याबद्दल मनापासून आभार.

आता 'बाळा'बद्दल. सतरा वर्षं मी पोरांना कोर्टावर शिकवतो आहे. लेखातला एकही व्यायाम असा नाही जो मी स्वतः करून घेतलेला नाही. तुम्ही वयाने मोठे असाल, तुमचा मान आहे. पण टोपणनावामागे बसून ज्याला कधी भेटलाही नाहीत त्याला 'बाळा' म्हणायचं, आणि त्याच्या कामाला 'उसनं' म्हणायचं, ही मोठ्या माणसाची रीत नव्हे. लेखात चूक असेल तर ती चूक म्हणून दाखवा. माझी लायकी काढून हॅमस्ट्रिंगचं, म्हणजे मांडीमागच्या स्नायूचं, तापमान वाढत नाही.

दोन राऊंड आणि बसून स्ट्रेचिंगचं तुमचं म्हणणं मात्र मी सोडणार नाही. अजून कितीतरी मैदानांवर रोज सकाळी हेच चालतं, आणि त्याचं नुकसान पोरांना भोगावं लागतं.

आधी 'दोन राऊंड' बघू. कोर्टाचा परिघ ८६ मीटर. दोन राऊंड म्हणजे १७२ मीटर. वॉर्मअपच्या चालीने ते सव्वा मिनिटात संपतात. काम सुरू केल्यावर मांडीच्या स्नायूचं तापमान पहिल्या ३ ते ५ मिनिटांत झपाट्याने चढतं आणि १० ते २० मिनिटांत स्थिरावतं. म्हणजे तुमचे दोन राऊंड संपतात तेव्हा चढाला नुकती सुरुवात झालेली असते. हे तापमान म्हणजे नुसतं 'अंग गरम झाल्यासारखं वाटणं' नव्हे. ते १ अंश सेल्सियसने वाढलं की जोरकस, झटक्याच्या हालचालीतली ताकद साधारण २ ते ५ टक्क्यांनी वाढते. मज्जातंतूंतला संदेश लवकर पोचतो, स्नायूला ऊर्जा जास्त वेगाने मिळते. त्यात नागपूरला डिसेंबरच्या पहाटे पारा १० अंशांच्या आसपास असतो, कोर्ट उघड्यावरचं, खाली सिमेंट. तिथे दोन राऊंड मारून काय साधणार?

आणि या दोन राऊंडनंतर तुम्ही पोरांना गोल करून त्याच थंड सिमेंटवर बसवता. कॅप्टन मध्ये बसून वीसपर्यंत आकडे मोजतो, पोरं पाय पसरून अंगठे पकडतात, अर्धी गप्पा मारतात. दहा मिनिटांनी उठतात तेव्हा राऊंडमध्ये जी काही ऊब आली होती तीही निघून गेलेली असते. पाय ताणण्याचा दोष नंतरचा, आधी या बसण्याचा आहे.

आता तुमची 'अफवा'. कॅनडातल्या मेमोरियल विद्यापीठाचे डेव्हिड बेम आणि त्यांचे सहकारी यांनी २०१६ साली आधीच्या ढीगभर चाचण्या एकत्र तपासल्या. एकाच स्नायूला एकूण ६० सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ स्थिर ताण (न हलता एकाच स्थितीत धरलेला) दिला, तर लगेच घेतलेल्या चाचणीत कामगिरी सरासरी ४.६ टक्क्यांनी घसरली. ६० सेकंदांच्या आत ठेवला तर १.१ टक्क्यांनी. हालचाल करत ताणलं तर उलट १.३ टक्क्यांनी सुधारली. म्हणजे प्रश्न किती वेळ ताणलं याचा आहे. दहा मिनिटांत चार स्नायू, दोन्ही पाय, प्रत्येकाला मिनिटाच्या वर ताण, हा हिशेब तुम्हीच घालून बघा. तुमची पद्धत नेमकी नुकसानीच्या बाजूला पडते.

मी लेखात स्थिर स्ट्रेचिंगवर बंदी घातलेली नाही, हेही पुन्हा वाचा. ज्याची पोटरी किंवा जांघ आखडली आहे त्याने तेवढाच भाग २०-३० सेकंद ताणावा आणि नंतर हालचालीचे व्यायाम आणि धावा पूर्ण कराव्यात. असं केलं की तोटा जवळजवळ उरत नाही. सामना संपल्यावर, किंवा वेगळ्या वेळी, हवं तेवढं ताणा.

"तेवढ्यावर राज्य खेळलो" हा पुरावा होत नाही. तुम्ही त्या वॉर्मअपमुळे खेळलात की तो असूनही खेळलात, हे कशावरून ठरवलं? तुमच्या वेळी प्रशिक्षकाच्या हातात स्टॉपवॉच असायचं. हाताने दाबलेल्या घड्याळात ०.२ सेकंदांची चूक सहज होते. आपण ज्या फरकाबद्दल बोलतो आहोत तो त्याच्या निम्माही नसतो. घड्याळात दिसला नाही म्हणून फरक नव्हताच, असं होत नाही.

आणि एवढ्याशा फरकाने काय होतं, तर बघा. ऑस्ट्रेलियातल्या बास्केटबॉल लीगच्या खेळाडूंवरचा १९९५ चा अभ्यास आहे. सामन्यात खेळाडूची हालचाल सरासरी दर २ सेकंदांनी बदलते, जोरात धावण्याचे प्रसंग शंभराच्या वर येतात आणि प्रत्येक जेमतेम १.७ सेकंद टिकतो. बास्केटबॉलमध्ये 'नंतर वेग पकडू' याला जागाच नाही. पहिली तीन-चार पावलं हाच स्प्रिंट. २० मीटर ३.२ सेकंदांत धावणारा मुलगा अडीच टक्क्यांनी मंदावला तर तो अर्धा मीटर मागे पडतो. फास्ट ब्रेकमध्ये, म्हणजे चेंडू मिळताच केलेल्या झटपट चढाईत, अर्धा मीटर म्हणजे ले-अपला (बास्केटजवळ धावत येऊन उडी मारून टाकलेल्या चेंडूला) मागून हात लागणं किंवा न लागणं.

लेखातला क्रम ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी पुन्हा देतो, कारण तुम्ही त्याला 'कसरत' म्हणून मोकळे झालात. फिबाच्या (जागतिक बास्केटबॉल संघटनेच्या) नियमांनुसार सामन्याआधी २० मिनिटं मिळतात आणि संघाच्या वाट्याला अर्धं कोर्ट येतं. पहिली ५ मिनिटं हलकं धावणं, साइड शफल (बाजूला सरकत जाणं), उलटं धावणं, स्किपिंग, जमेल तिथे ड्रिबल करत. वेग इतकाच, की शेजाऱ्याशी पूर्ण वाक्य बोलता यावं आणि शेवटी कपाळावर घाम यावा. मग ४-५ मिनिटं सांधे मोकळे करणं. चालत लंज (एक पाय लांब पुढे टाकून गुडघे वाकवणं), वरच्या अंगाच्या वळणासह, प्रत्येक पायाला ६. पाय पुढे-मागे आणि आडवे झुलवणं, प्रत्येकी १०. भिंतीला किंवा खांबाला गुडघा टेकवून घोट्याचा वाक, प्रत्येकी ८, टाच जमिनीला चिकटलेली. इथे पोरं टाच उचलून फसवतात आणि वाक पूर्ण मिळत नाही. पाठीवर झोपून कंबर उचलणं १०, कुल्ल्यांचे स्नायू जागे होईपर्यंत.

त्यानंतर घोट्यातल्या उड्या, १० च्या दोन फेऱ्या, गुडघे जवळजवळ सरळ, जमिनीला पाय लागला की चटका बसल्यासारखा उचलायचा. धप्प आवाज आला तर थांबवा, पाऊल कोसळतंय. मग वाढत्या वेगाच्या धावा, ७० टक्क्यांच्या दोन, ८५ च्या दोन, शेवटी ९५ च्या दोन, मध्ये चालत परत येऊन ४०-६० सेकंद विश्रांती. अर्ध्या कोर्टात सरळ १४ मीटरच मिळतात, त्यात ब्रेक मारायला जागा राहत नाही आणि पोरं भिंतीवर किंवा स्कोअररच्या टेबलावर जातात. म्हणून कोपऱ्यातून कोपऱ्यात, कर्णावर धावायचं. तो साडेवीस मीटर भरतो. १५ मीटर धाव, उरलेल्या पाचात छोट्या पावलांनी, कंबर खाली घेऊन थांबणं. ले-अप आणि शूटिंग यानंतर. बहुतेक संघ आत शिरल्या शिरल्या ले-अपची रांग लावतात, म्हणजे दिवसाची पहिली जोरकस हालचाल एका पायावरची पूर्ण उडी. गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडऱ्याला आणि घोट्याला यापेक्षा वाईट सुरुवात मिळणं कठीण.

तुमच्या बाकीच्या मुद्द्यांवर वेळ घालवत नाही. पाच मिनिटंच मिळत असतील तर पहिला टप्पा आवाराबाहेर उरका, त्यात अवघड काही नाही. दमण्याचं म्हणाल तर जोराच्या, म्हणजे ८५ आणि ९५ टक्क्यांच्या, धावा एकूण चारच आहेत. पोरं दमतात ती वॉर्मअपमध्ये लाइन ड्रिल (कोर्टाच्या रेषांपर्यंत पुन्हा पुन्हा जोरात जाऊन-येऊन धावणं) काढायला लावणाऱ्या कोचमुळे.

पण एका गोष्टीबद्दल तुम्ही चकार शब्द काढला नाही, आणि लेखाचा अर्धा भाग त्यावर होता. ती म्हणजे वॉर्मअप संपल्यानंतरची वेळ. आपल्या स्पर्धांमध्ये संघ तयार होतात, आणि मग नारळ फोडणं, पाहुण्यांचा परिचय, हस्तांदोलनाची रांग, फोटो. पंधरा-वीस मिनिटं पोरं घामेजलेल्या बनियनवर वाऱ्यात उभी. कमावलेलं बरंचसं तिथेच जातं. ग्रीसमध्ये २०१२ साली बास्केटबॉलपटूंना वॉर्मअपनंतर नुसतं बसवून ठेवून तपासलं, तर वेळ जाईल तशी त्यांची उडीही घटत गेली आणि स्प्रिंटही मंदावला. डेन्मार्कमधल्या फुटबॉलपटूंवर २००४ साली झालेल्या प्रयोगात मध्यंतरात बसून राहिलेल्यांच्या मांडीचं तापमान २ अंशांनी उतरलं आणि स्प्रिंट २.४ टक्क्यांनी मंदावला. ज्यांनी मध्यंतरात ७ मिनिटं मध्यम गतीने हालचाल केली त्यांचा वेग टिकला. बास्केटबॉलचं मध्यंतर १५ मिनिटांचं असतं. शेवटची ४ मिनिटं कोर्टावर परत या, शफल, उड्या, दोन धावा. भाषणं लांबली तर जॅकेट आणि ट्रॅक पँट अंगावर ठेवा आणि जंप बॉलच्या (चेंडू वर उडवून होणाऱ्या सुरुवातीच्या) आधी दीड मिनिटात तेवढंच उरका. बेंचवरच्या सहाव्या खेळाडूला, म्हणजे पहिल्या बदली खेळाडूला, हेच सगळ्यात जास्त लागू. तो दहा मिनिटं बसून उठतो आणि थेट समोरच्या ताज्या गार्डच्या मागे धावतो.

तरीही पटत नसेल तर वाद नको, मोजा. दहा मीटरवर दोन उभे खांब रोवा किंवा काठ्या धरा, धावण्याच्या रेषेवरच. मोबाइल स्टँडवर, मधोमध समोर, १२-१५ मीटर लांब, दोन्ही खांब चौकटीत येतील असा. स्लो मोशन २४० फ्रेमवर. खेळाडू पहिल्या खांबामागे अर्धा मीटर उभा, छाती खांबाला आली की पहिली फ्रेम, दुसऱ्याला आली की शेवटची. एक फ्रेम म्हणजे जेमतेम ४ मिलिसेकंद, त्यामुळे अडीच टक्क्यांचा फरक दहा-अकरा फ्रेममध्ये दिसतो. एक दिवस तुमचा वॉर्मअप, दोन दिवसांनी माझा, निम्म्या पोरांना उलट क्रमाने. तेच बूट, तीच वेळ, प्रत्येकाच्या तीन धावा, त्यातली मधल्या वेळेची धरायची.

आकडे इथेच प्रतिक्रियेत टाका. माझ्या विरुद्ध गेले तरी मी ते काढणार नाही. फक्त या वेळी खाली स्वतःचं नाव लिहा.