मालकाचं उत्तर: ५० मिमी ग्लासवूल आणि शेजारचं पफ पॅनल

नमस्कार भाऊ, ऐन मे महिन्यात तुम्हाला त्रास झाला त्याबद्दल मनापासून सॉरी. पत्र्याच्या खोलीला ग्लासवूल (काचेच्या बारीक धाग्यांचा रोल) लावूनही काही फरक नाही, शेजाऱ्यांची पफ पॅनलची (दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेल्या पॅनलची) खोली कितीतरी गार आहे, म्हणजे आम्ही हलका माल गळ्यात मारला असं तुम्ही रिव्ह्यूत लिहिलंय. १ स्टार दिला ते ठीक, पण "गळ्यात मारला" हे फार लागलं.

कोटेशन दोन्हीचं दिलं होतं. ५० मिमी पफची आर व्हॅल्यू (उष्णता अडवायची ताकद, जास्त तेवढी चांगली) २ च्या आसपास, तेवढ्याच जाडीच्या ग्लासवूलची सव्वाच्या जवळपास, हे दुकानात बसूनच सांगितलं होतं. पफ सरस आहेच, आम्ही नाही कधी म्हटलं? पण त्याला जुना पत्रा काढावा लागत होता, खर्च वाढत होता म्हणून ग्लासवूल तुम्हीच फायनल केलं, आणि ते काही वाईट नाही, आगीच्या बाबतीत तर पफपेक्षा बरंच.

आम्ही पत्र्याखालच्या पाइपांना खालून जाळी मारून पूर्ण २ इंच जागा ठेवा म्हणून सांगितलं होतं, तुमच्या फॅब्रिकेटरने उंची वाचवायला सिलिंग वर घेतलं अन् रोल १ इंचात कोंबला. तुम्ही टाकलेल्या फोटोतच दिसतंय, ट्यूबलाइटच्या बाजूला फॉइल फाटून पिवळी वूल बाहेर आलीय. भाऊ, उष्णता अडते ती त्या धाग्यांत अडकलेल्या हवेमुळे, रजईसारखं, दाबली की जाडी गेली अन् आर व्हॅल्यू निम्म्याच्या जवळ आली. म्हणजे तुलना झाली ५० मिमी पफची अन् २५ मिमी ग्लासवूलची, यात मालाचा काय दोष?

आणि रात्री १० ला पण खोली तापलेली असते म्हणता, तर तुमची पश्चिमेची वीटभिंत दुपारपासून ऊन खाऊन ती उष्णता रात्री आत सोडते, शेजाऱ्यांना त्या बाजूला तुमचंच घर आडोशाला आहे.

अकोल्यात आमचा सीझन उन्हाळ्याचाच, तुमचा रिव्ह्यू वाचून लोक ऑर्डर थांबवतायत. यापुढे बिलावरच जाडी अन् गॅप लिहून देऊ, बाकी पण काय करता येईल ते बघतोय. सिलिंग खाली घ्यायची तयारी असेल तर माणूस पाठवतो, मजुरी नको, फाटलेला रोल बदलून देतो. मग दुपारी २ ला दोन्ही खोल्यांचं सिलिंग टेंपरेचर गनने तुमच्यासमोर मोजू, अन् त्यानंतर तुम्हाला जे वाटेल ते लिहा.